डावा हात

आमच्या हिचा डावा हात मनगटात मोडला, तेव्हा समाचाराला येणारा प्रत्येकजण चहाचा कप हातात घेता घेता एकच वाक्य म्हणे, "डावाच ना? सुटलात म्हणायचं!" ही हसून मान डोलवी. मलाही पहिले काही दिवस ते पटले होते. उजवा हात म्हणजे जेवणाचा, लिहिण्याचा, आरतीचा. डावा हात म्हणजे एकत्र कुटुंबातल्या धाकट्या जावेसारखा. सगळ्या कामांत असतो, पण नाव कुठेच नसते.

तो कुठे कुठे असतो, हे प्लॅस्टर निघाल्यावर कळले.

ही परिचारिका आहे. कोल्हापुराहून गारगोटीच्या रस्त्याने जाऊन मग आतल्या बाजूला वळले की एक लहानसे गाव लागते. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात तिची नोकरी. एस. टी.ने जायचे तर मध्ये गाडी बदलावी लागते आणि फाट्यापासून पुढे पायी. म्हणून आठ वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पैशांतून एक जुनी लहान मोटार घेतली. मोटार तिची, चालवणारी ती, आणि शेजारी बसून "सावकाश, सावकाश" म्हणणारा तेवढा मी. मला मोटार येत नाही. एकदा शिकायला गेलो होतो; चौथ्या दिवशी शिकवणाऱ्यानेच हात जोडले.

आपल्याकडे मोटारीचे चाक उजव्या बाजूला. त्यामुळे उजवा हात चाकावर आणि गिअरचा दांडा डाव्या हाताच्या वाट्याला. आम्ही अमेरिकेत राहत असतो, तर तिथे चाक डावीकडे आणि दांडा उजव्या हाताशी. मग समाचाराला आलेल्यांचे समाधान अगदी योग्य ठरले असते. पण आम्ही राहतो कोल्हापुरात. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले, ही मोठ्या उत्साहाने मोटारीत जाऊन बसली, डावा हात दांड्यावर ठेवला, आणि पहिला गिअर टाकताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून मी सावकाश म्हणायचेही विसरलो.

हाड जुळले होते, पण अंगठ्याच्या मुळाशी कळ राहिली होती. अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत काही घट्ट धरायचे म्हटले की ती उठे. गिअरच्या दांड्यावरचा नॉब काळ्या प्लॅस्टिकचा, लहान लिंबाएवढा, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेला. तो धरायला चिमटीचाच जोर लागे. पुढे एक दिवस ती कामावर निघाली असता मी मुद्दाम शेजारी बसलो आणि मोजले. घरापासून उपकेंद्रापर्यंत तिने 112 वेळा गिअर बदलला. म्हणजे 112 वेळा दात आवळले. येताना पुन्हा तितकेच.

"गाडी विकून टाका," असे जवळच्यांनी सुचवले. "शहरात बदली मागून घ्या," असेही सुचवले. ही दोन्हींवर गप्प राहिली. आणि इथे मला एक कबुली दिली पाहिजे. गाडी विकावी, असे मनातून मलाही वाटत होते. पावसाळ्यातल्या संध्याकाळी ती घरी येईपर्यंत मी खिडकीत जे उभे राहत असे, ते एकदाचे संपेल, हा माझा स्वार्थ. पण तो बोलून दाखवण्याचे धैर्य नव्हते. पुरुषाला जेव्हा बोलायचे धैर्य नसते, तेव्हा तो काहीतरी दुरुस्त करायला घेतो. मी नॉब करायला घेतला.

आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे आणि तिच्यात एक लेथ आहे. माझे वडील शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. ऑइल इंजिनांचे आणि उसाच्या चरकांचे सुटे भाग करण्यात त्यांचा जन्म गेला. उतारवयात त्यांनी पंजाबातल्या बटाल्याचा एक जुना लेथ विकत घेऊन घरामागे बसवला. दहावीनंतर दोन वर्षे मी त्यांच्या हाताखाली काढली. मग शाळेत लागलो, कादंबऱ्या लिहू लागलो, आणि लेथला फक्त खंडेनवमीला झेंडूची माळ घालण्यापुरता उरलो. वडिलांचे एक वाक्य मात्र कानात राहिले होते. कोणताही जॉब घेऊन कोणी आले की ते आधी माप विचारत नसत. विचारत, "ह्यो बसायचा कुठं हाय?" त्या वाक्याचा अर्थ मला कळतो, अशी तेव्हा माझी समजूत होती.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला माळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी ती बाजूला करून लेथ सुरू केला. पाडवा तीन आठवड्यांवर होता. पाडव्याच्या ओवाळणीत हिच्या तबकात नॉब ठेवायचा, हा बेत मी कोणाला सांगितला नाही.

नॉब पितळेचा करायचा, हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. पितळेसारखी लोभसवाणी धातू नाही. उद्यमनगरातल्या दुकानातून 50 मिलिमीटर जाडीच्या गोल बारचा तुकडा तोलून आणला. लेथवर चालणाऱ्या या पितळेत थोडे शिसे असते, त्यामुळे तिचा कीस लांबलचक वेटोळी घेत नाही. बारीक तुकड्यांनी उडतो. सोन्याचा पाऊस पडल्यासारखे दिसते, आणि रात्री गादीवर पाठ टेकली की तो पाऊस सुयांसारखा टोचतो.

आधी भोक, मग आटे. जुना नॉब काढून दांड्याच्या आट्यांना गेज लावला : व्यास 8 मिलिमीटर, दोन आट्यांमधले अंतर 1.25. म्हणजे ड्रिल 6.8चे हवे आणि नंतर तीन टॅपचा सेट ओळीने चालवायचा. इथेच पहिला तुकडा वाया गेला. लोखंडासाठी घासलेले ड्रिल पितळेला लावले, तर ते कापत नाही, स्वतःच स्क्रूसारखे आत ओढले जाते. तसे ते ओढले गेले, अडकले आणि तुटले. शेजारचे एक वृद्ध टर्नर आवाज ऐकून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ड्रिलकडे पाहिले, आणि दुसऱ्या ड्रिलची धार दगडावर जराशी मारून बोथट करून दिली. "मास्तर, पितळंला लई धार सोसत न्हाई," म्हणाले. कादंबरीकाराने लक्षात ठेवण्यासारखे वाक्य होते. पण तेव्हा माझे सगळे लक्ष टॅपकडे होते.

त्यानंतर गोळा. लेथ ही नळकांडी आणि शंकू करण्यासाठी जन्मलेली चीज. तिच्याकडून गोल काढून घ्यायचा तर भूमिती वापरावी लागते. मला 45 मिलिमीटर व्यासाचा गोळा हवा होता, म्हणजे त्रिज्या 22.5. पायथागोरसला साक्षीला घेऊन मी वहीत कोष्टक मांडले : मध्यापासून अमुक अंतर सरकले, की तिथे त्रिज्या तमुक राहिली पाहिजे. मध्यापासून 13.5 मिलिमीटर सरकले की त्रिज्या बरोबर 18 येते, हे पाहून मी शेडमध्ये एकटाच हसलो. तीन, चार, पाचचा तो त्रिकोण मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो आहे. पितळेत तो पहिल्यांदाच भेटत होता. दर मिलिमीटरला एक पायरी, अशा पायऱ्या पाडल्या. चकमध्ये आट्यांची एक खुंटी धरून तिच्यावर तो जॉब बसवला आणि कानशीने पायऱ्यांच्या कडा उतरवल्या.

तरी गोळा गोल होईना. डोळ्यांना दिसे गोल, आणि बोट फिरवले की उंचवटा लागे. तेव्हा त्या वृद्ध टर्नरांनी जाड पोलादी पाइपाचा एक तुकडा आणला. त्याच्या तोंडाची कड घासून धारदार केलेली होती. फिरणाऱ्या गोळ्यावर ते तोंड टेकवून ते पाइप हळूहळू इकडून तिकडे फिरवू लागले, आणि पाच मिनिटांत उंचवटे गेले. मी चकित होऊन पाहत राहिलो. गोल कुठेही सरळ कापला तरी छेद वर्तुळाचाच येतो, हे मी मुलांना कित्येकदा सांगितले आहे. म्हणूनच पाइपाचे गोल तोंड सगळ्या बाजूंनी टेकेल, असा आकार एकच : गोल. जिथे टेकत नाही तिथे उंचवटा आहे आणि तो धार खरवडून काढते. हे प्रमेय त्या गृहस्थांनी कधी ऐकले नसेल; ते त्यांच्या हातात होते.

मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, शेवटी कापड. गोलाच्या घनफळाच्या सूत्राने आणि पितळेच्या घनतेने हिशोब केला तर भरीव गोळा 405 ग्रॅमचा येत होता. भोक आणि तळचा सपाट भाग वजा जाता किराणा दुकानातल्या काट्याने 395 दाखवले. मला वाटले, माझ्या एकाही कादंबरीचा हिशोब इतका चोख जमला नव्हता.

पाडव्याला हिने मला ओवाळले आणि मी तबकात तो गोळा ठेवला. निरांजनाची ज्योत त्याच्यात इवलीशी दिसत होती. हिने तो उचलला, "अगंबाई, केवढा जड!" म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्या डोळ्यांनीच माझा घात केला. त्यामुळे तो गोळा तिने डाव्या हाताने नव्हे, दोन्ही हातांनी उचलला होता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

सुरुवातीला सर्व ठीक वाटले. जड नॉब एकदा ढकलला की आपल्याच वजनाने पुढे जातो. गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा पडतो. फक्त संध्याकाळी हिच्या तळहाताला पितळेचा वास येई. मी म्हणे, "सवय होईल." मग उसाचा हंगाम आला. एके संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीमागून चढ चढत असताना मोटार खड्ड्यात आदळली, दांड्याच्या टोकाला टांगलेल्या त्या वजनाने हिसका खाल्ला, आणि तिसरा गिअर आपोआप निसटला. जुनी गाडी, झिजलेले सांधे. त्यावर माझी ही भर. ऐन चढावर मोटार थबकून मागे घरंगळू लागली. पाठीमागून ट्रक येत होता. हिने ब्रेक दाबला, दुखऱ्या हाताने जोर करून गिअर पुन्हा टाकला, आणि घरी आली. हे सगळे तिने मला जेवण झाल्यावर सांगितले. मी खिडकीत उभा होतो, त्याच वेळी ते घडले होते.

दुसऱ्या दिवशी पितळ उतरवले. त्याच मापाचा गोळा ॲल्युमिनियमचा केला. त्याचे वजन भरले 125 ग्रॅम, आणि गिअर पुन्हा म्हणून निसटला नाही. प्रश्न सुटला असे मी जाहीर केले. मग आला चैत्र. उपकेंद्राच्या आवारात सावली नाही. दुपारभर मोटार उन्हात. चार वाजता हिने नॉबला हात लावला आणि झटकन मागे घेतला. उन्हात ठेवलेले प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे तापमान सारखेच असले, तरी धातू आपली उष्णता हाताला कित्येक पटींनी भराभर देते, हे मी तिला समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो नॉबवर हातरुमाल गुंडाळलेला.

माझा चेहरा पडलेला पाहून ती म्हणाली, "तुम्ही रागवणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"हे गोळे सुंदर झालेत. पण तुम्ही ते माझ्यासाठी केलेत की गोळ्यासाठी?"

मला उत्तर देता आले नाही. सात महिन्यांत मी दांड्याचे आटे मोजले होते, गोळ्याची त्रिज्या मोजली होती, गिअर किती वेळा बदलतो तेही मोजले होते. एक गोष्ट मोजायची राहिली होती : तिचा हात. वडील विचारत होते तो प्रश्न मी दांड्याला विचारला. नॉब दांड्यावर बसतो, हे खरे. पण तो बसायचा असतो तळहातात.

ती कणीक मळत होती. मी तिच्याकडे कणकेचा एक गोळा मागितला. "आणि आता काय?" म्हणत तिने तो दिला. आम्ही दोघे अंगणात उभ्या असलेल्या मोटारीत बसलो. दांड्याच्या टोकाला कणीक थापली आणि मी म्हटले, "हात दुखणार नाही अशा रीतीने पाचही गिअर टाक." तिने टाकले. हात उचलल्यावर कणकेत जो आकार उरला, तो गोळ्याचा नव्हता. वरचा भाग तळहाताच्या दाबाने रुंद आणि बसका झाला होता, आणि खाली दोन बोटांची खोल खाच पडली होती. अंगठ्याचा ठसा कुठेच नव्हता. ती गिअर पकडत नव्हतीच. पुढे तळहाताच्या टाचेने ढकलत होती आणि मागे दोन बोटांच्या आकड्याने ओढत होती. मोडलेल्या हाताने आपली वेगळी वाट आधीच शोधून काढली होती; मी तिला चिमटीत धरायचा गोळा देऊन पुन्हा जुन्या वाटेवर ओढत होतो.

कणीक वाळण्याआधी व्हर्नियर लावून मापे घेतली. वरचा माथा 54 मिलिमीटर, कंबर 26. ॲल्युमिनियमचा हा तिसरा नॉब अळंबीसारखा दिसतो. त्याला कोष्टक नाही, पायथागोरस नाही. जरा कातायचा, मोटारीत जाऊन तिला धरायला द्यायचा, तिने "इथे लागतं" म्हटले की पुन्हा लेथवर न्यायचा. अशा नऊ फेऱ्या झाल्या. दहाव्या वेळी ती काहीच बोलली नाही. नुसती गिअर टाकत राहिली, पहिला, दुसरा, तिसरा, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी काय समजायचे ते समजलो.

उन्हाचा प्रश्न उरला होता. तो आमच्या गावाने सोडवला. कोल्हापुरी चपला बांधणाऱ्या एका कारागिराकडे नॉब घेऊन गेलो. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "ह्याला हात कुणाचा लागणार?" वडिलांची आठवण होऊन मी क्षणभर बोलू शकलो नाही. त्याने पातळ कातडे भिजवून नॉबवर ताणून बसवले, कमरेपाशी दुमडले आणि खालून बारीक टाके घातले. कातडे वाळले तसे धातूला घट्ट बिलगले. ॲल्युमिनियमचा एक कणही बाहेर दिसत नाही. नऊ फेऱ्यांचे माझे सगळे काम आत झाकून गेले.

खरे सांगतो, पहिल्यांदा पाहिले तेव्हा थोडे वाईट वाटले. पण त्याच आठवड्यात मी मोटारीत शेजारी बसलो होतो. भर दुपारी उपकेंद्राबाहेर ती चाकाशी बसली, डावा हात दांड्यावर गेला आणि तिथेच राहिला. घरापर्यंत मी गिअर मोजायला लागलो, आणि मध्येच आकडा विसरलो. कारण ती मला एका बाळंतिणीची हकीगत सांगत होती आणि त्या हकिगतीत कुठेही खंड पडत नव्हता. हात दुखत असताना ती मोटारीत कधी बोलत नसे. हे आधी माझ्या लक्षात कसे आले नव्हते?

कळ अजून अधूनमधून उठते, थंडीत जास्त. गाडी विकायची गोष्ट आता कोणी काढत नाही, मीही नाही. संध्याकाळी खिडकीत उभा राहतोच. पितळेचा तो गोळा माझ्या टेबलावर आहे. लिहिलेली पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवतो. पाने ठेवण्यापूर्वी आताशा मी ती एकदा हिला वाचून दाखवतो, आणि "इथे लागतं" म्हणाली की परत घेतो.

काल दिवाळीची भांडी घासायला काढली होती. समई, तांब्या, निरांजने यांच्या ओळीत तो गोळाही दिसला. ही चिंचेच्या कोळाने त्याला घासत होती. गोळा धरला होता डाव्या हाताने, तळहातावर नुसता टेकवून. मी काही बोललो नाही. पाण्याची बादली तेवढी तिच्याजवळ सरकवली.